हिरवा ठिपका

जखम मोहरीच्या दाण्याएवढी असते. बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याच्या कडेला एक तिरकी चीर देतात. तिच्यातून गढूळ झालेलं भिंग फोडून ओढून घ्यायचं आणि घडी घातलेलं नवं भिंग आत सरकवायचं, की मोतीबिंदूची शस्त्रक्रिया संपली. टाका घालत नाहीत. चिरेच्या दोन्ही कडांत बारीक सुईनं थोडं मिठाचं पाणी भरतात. कडा फुगतात आणि एकमेकींना घट्ट टेकतात. बहुतेक डोळ्यांना एवढं पुरतं.

कुमुदिनी रेंदाळकर यांच्या डाव्या डोळ्याला ते पुरलं नव्हतं.

त्या शस्त्रक्रियेला आता बरीच वर्षं झाली. मिरजेतच झाली होती, आणि तिसऱ्या दिवशी त्यांचे यजमान दुकानातून घरी येताना रस्त्यातच गेले. घरातलं माणूस गेल्यावर बाई जे करते ते सगळं कुमुदिनीबाईंनी केलं. रडल्या. पदरानं डोळे चोळून चोळून पुसले. माणसं स्मशानातून परतल्यावर बायकांनी त्यांना परसात बसवून डोक्यावरून पाणी घातलं. चिरेच्या कडा अजून सांधल्या नव्हत्या. अशा वेळी डोळा दाबला गेला की आतलं पाणी थेंबभर बाहेर येतं, आणि दाब सुटला की बाहेरचं पाणी आत ओढलं जातं. त्या दिवशी आत काय गेलं, अश्रू की आडातलं पाणी, हे कुणालाच सांगता आलं नाही. डोळा लाल झाला, आत पू झाला, आणि तो डोळा गेला.

त्यांचा मुलगा श्रीरंग तेव्हा पुण्यात रंगांच्या कारखान्यात चिकटद्रव्यांवर काम करत होता. लाकूड, पत्रा, फरशी असल्या गोष्टी चिकटवण्याचं काम. वडिलांचं दिवसकार्य उरकून तो परत गेला आणि वर्षभरात नोकरी सोडून डोळ्यांवरच्या संशोधनात शिरला. का, असं कुणी विचारलं की तो म्हणे, "ओल्या जागी काही चिकटवणं सगळ्यात अवघड. म्हणून." उत्तर खरं होतं, पण पुरं नव्हतं.

त्याच्या गटानं शेवटी जे बनवलं ते दोन पातळ द्रवांचं मिश्रण होतं. चिरेवर थेंबभर सोडलं की काही सेकंदांत त्याची लवचिक साय धरे. ती ओल्या पडद्याला चिकटे, पापणीला टोचत नसे आणि आठवडाभर तिथेच राही. तिच्याखाली पेशी आपापल्या गतीनं चीर भरून काढत. मग साय सैल होऊन अश्रूंबरोबर निघून जाई. औषध तिच्यातच मिसळलेलं असल्यानं डोळ्यात थेंब घालायची गरज उरली नाही. कंपनीनं नाव दिलं नेत्रबंध. लोकांनी दिलं डिंक.

डिंकाला कानही होते. सायीत धुळीच्या कणाएवढं धातूचं एक कडं बसवलेलं असे. डोळ्यातला दाब वाढला की कडं किंचित ताणलं जाई. चष्म्याच्या काडीत बसवलेलं यंत्र ते टिपून मोबाइलला कळवी. घरच्यांना मोबाइलवर फक्त एक ठिपका दिसे. हिरवा म्हणजे जखम बंद. पिवळा म्हणजे डोळ्यावर ताण. लाल म्हणजे गळती. शस्त्रक्रियेनंतर नारिंगी रंगाचा थेंब टाकून, निळ्या उजेडात डोळा तपासून डॉक्टर जे एकदा बघत, ते आता डिंक आठवडाभर स्वतःच बघत होता.

तीन-चार वर्षांत या डिंकानं बरंच काही बदललं. पूर्वी आईचा मोतीबिंदू म्हटलं की मुलगी माहेरी येई, थेंब घालायला म्हणून राही, शेजारपाजार काळा चष्मा बघायला येऊन चहा पिऊन जाई. आता सकाळी डोळा, दुपारी दुकान. कचेऱ्यांनी मोतीबिंदूची रजा बंद केली. कंपनीच्या जाहिरातीत एक म्हातारा दवाखान्यातून थेट नातीच्या लग्नाला जातो आणि पाठवणीच्या वेळी ढसाढसा रडतो. खाली हिरवा ठिपका लुकलुकतो. शेवटी श्रीरंग स्वतः पडद्यावर येऊन सांगे, "रडा. काही होत नाही." मिरजेच्या डॉ. नसरीन मुजावर यांना एका पेशंटनं विचारलं होतं, "बाई, मी देवळात वाकलो ते माझ्या पोराला अमेरिकेत कसं कळलं?" त्या दिवसभर हे सगळ्यांना सांगत आणि हसत होत्या.

कुमुदिनीबाईंच्या उजव्या डोळ्यातही मोतीबिंदू वाढत होता. बरीच वर्षं त्यांनी तो वाढू दिला. "आहे तो डोळा आहे," एवढंच म्हणायच्या. वाचता येईनासं झालं तेव्हा त्यांच्या थोरल्या बहिणीनं, निपाणीच्या अक्कानं, एक मार्ग काढला. सकाळी चहा झाला की अक्का फोन लावी आणि पेपर वाचून दाखवी. आधी वार आणि तारीख, मग ठळक बातम्या, मग हळदीचे भाव, मग निधनवार्ता. मधे मधे दोघींची टिप्पणी.

"गेला बघ तो बागेवाडी," अक्का म्हणे.

"कुठला गं?"

"तुला बघायला आलेला. नाकावर तीळ होता तो."

"सुटले म्हणायचे."

"तू का तो?"

मग अक्काचं हृदय थकलं. पायावर सूज आली, धाप लागू लागली, दोन वाक्यं वाचली की थांबावं लागे. एका सकाळी फोन आला नाही. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं आहे, असं अक्काची मुलगी वृषाली हिनं कळवलं. कुमुदिनीबाईंनी त्याच दुपारी श्रीरंगला पुण्याला फोन केला.

"रंगा, तुझा तो डिंक आणून लाव मला."

"आई, इतकी वर्षं मी मागे लागलोय..."

"आता लागतेय ना मी? तिनं मला चार वर्षं वाचून दाखवलं. आता मी तिला दाखवते."

त्या दिवसापासून आलेले पेपर त्यांनी उघडलेच नाहीत. एकावर एक रचून ठेवले. अक्कानं न वाचलेले सगळे तिला नेऊन वाचून दाखवायचे होते.

शस्त्रक्रिया डॉ. मुजावरांनी केली. डिंक लावताना श्रीरंग काचेपलीकडे उभा होता. ठिपका हिरवा झाला. त्याच्या मोबाइलवर मात्र ठिपक्याखाली आणखी काही होतं. ज्यानं यंत्र बनवलं त्याला कड्याची मूळ रेषा दिसत असे: नाडीबरोबर हलकेच वरखाली होणारी, पापणी मिटली की टोक काढणारी. आईच्या डोळ्यातली ती रेषा बघत तो रिक्षात बसला, रेषा बघत जेवला.

घरी आल्यावर कुमुदिनीबाईंनी भिंतीवरचं कॅलेंडर वाचलं, डब्यांवरची लेबलं वाचली, मग मुलाकडे बघितलं.

"केवढा पिकलास रे," त्या म्हणाल्या. "कुणी सांगितलं नाही मला."

"परवा जाऊ निपाणीला," तो म्हणाला. "मी गाडी चालवतो. पेपर घे सगळे."

दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर वृषालीचा फोन आला. आई आत अंघोळीची तयारी करत होती. श्रीरंग फोन घेऊन अंगणात गेला.

"दादा, आई गेली रे. पहाटे."

त्यानं मागे वळून आतल्या दाराकडे बघितलं.

"मावशीला घेऊन ये. आम्ही थांबतो. संध्याकाळपर्यंत थांबतो, मी सांगितलंय सगळ्यांना. काल रात्रीसुद्धा विचारत होती, कुमुदचा डोळा उघडला का म्हणून."

"वृषा, नका थांबू."

"काय?"

"तिचं ऑपरेशन कालच झालंय. ती तिथे आली तर..."

"तर काय? रडेल. बहीण गेल्यावर रडायचं नाही तर काय करायचं?"

"तुला माहीत आहे मागच्या वेळी काय झालं."

"मागच्या वेळी तुझा डिंक नव्हता. तूच टीव्हीवर सांगतोस ना रडा म्हणून? जाहिरातीतला म्हातारा रडलेला चालतो, आणि माझी मावशी नाही?"

"ती जाहिरात आहे, वृषा. आईला एकच डोळा आहे."

पलीकडे कुणीतरी मोठ्यानं रडत होतं. वृषालीचा आवाज त्यातून कोरडा आला.

"माझ्या आईलाही एकच बहीण होती, दादा."

त्यानं डॉ. मुजावरांना फोन केला. खरं तर त्याला परवानगी नको होती, नकार हवा होता. त्यांनी तो दिला नाही.

"न्या की त्यांना," त्या म्हणाल्या. "चष्मा काढू देऊ नका, डोळा चोळू देऊ नका. डोक्यावरून पाणी नको. बाकी काय?"

"एक डोळा असलेल्या माणसांना आपण चाचणीत घेतलं नव्हतं, डॉक्टर. धोका नको म्हणून. अशा डोळ्यासाठी आपल्याकडे आकडाच नाही."

"श्रीरंग, आपला शेजारी आहे की नाही, हे डोळ्याला कळत नसतं. डिंकालाही नाही. तुम्ही बनवलंय ते. आणि मला विचारताय?"

प्रयोगशाळेत त्यानं या सायीवर माणूस कधी देऊ शकणार नाही एवढा दाब दिला होता. डुकराच्या डोळ्यांवर, मग ज्यांनी मरणोत्तर नेत्रदान केलं त्यांच्या डोळ्यांवर, मग शेकडो जिवंत माणसांच्या डोळ्यांवर. रडताना पापण्या आवळल्या जातात, तेवढ्यानं तिला काही होत नाही, हे त्याच्याइतकं पक्कं कुणालाच माहीत नव्हतं. तरी अंगणात उभं राहून त्याला दिसत होतं ते परस, आडाजवळचा पाट आणि आईच्या डोक्यावर पाणी ओतणाऱ्या बायका. पहिली घागर त्यानंच शेंदून दिली होती.

त्यानं वृषालीला निरोप पाठवला: थांबू नका. मी एकटा येतो.

मग शेजारच्या शेडबाळे वहिनींना गाठून त्यांना आईजवळ बसायला सांगितलं, आणि काही बोलू नका असंही सांगितलं. वहिनींना हे पटलं नाही, पण डोळ्याचं नाव काढल्यावर त्या गप्प बसल्या. आईचा मोबाइल त्यानं बिघडलाय म्हणून स्वतःच्या खिशात टाकला.

"कोल्हापूरला मीटिंग निघालीय," तो आईला म्हणाला. "दुपारपर्यंत येतो."

कुमुदिनीबाई नव्या डोळ्यानं त्याला वरपासून खालपर्यंत बघत होत्या. बघणं नवीन होतं, म्हणून त्या सगळंच असं बघत.

"मीटिंगला हा शर्ट?" त्या म्हणाल्या. "कॉलर विटलीय."

"घाईची आहे मीटिंग."

"वृषालीचा काही फोन?"

"अक्कामावशी झोपून आहे म्हणाली."

निपाणीत त्याच्यासाठी थोडा वेळ थांबले होते, तेवढाच. घरासमोर माणसं उभी होती. वृषालीनं त्याच्याकडे बघितलं, त्याच्या मागे गाडीकडे बघितलं, गाडी रिकामी असल्याचं बघितलं आणि तोंड फिरवलं. त्याच्या हातात कुणीतरी तुळशीचं पान आणि पाण्याची पळी दिली. दुसऱ्या हातात मोबाइल होता. पाणी तोंडात घालून तो मागे सरकला. गर्दी पुढे झाली, आणि एका म्हाताऱ्यानं मोठ्यानं सांगितलं, "ज्यांना शेवटचं बघायचंय त्यांनी बघून घ्या."

त्याच वेळी त्याच्या मुठीत मोबाइल थरथरला. रेषेनं उंच टोक काढलं होतं, ठिपका पिवळा झाला होता. एक टोक, लगेच दुसरं. डोळा चोळला? पडली? त्यानं बोटांनी रेषा मोठी करून बघितली. टोकांचा आकार निमुळता होता, दोन्ही बाजूंनी सारखा. शिंका. आईला दोन शिंका आल्या होत्या. ठिपका हिरवा झाला. त्यानं श्वास सोडला आणि मान वर केली, तेव्हा चेहऱ्यावर वस्त्र ओढून झालं होतं.

स्मशानातही तो मागेच उभा राहिला. मिरजेच्या वाटेवर त्यानं तीनदा गाडी बाजूला घेऊन रेषा बघितली.

घरी पोचल्यावर तो पुढच्या दारानं आत गेला नाही. सुतक, विटाळ असलं काही तो मानत नव्हता. पण स्मशानातली राख, माणसांची गर्दी, घाम, असंख्य हात. हे सगळं अंगावर घेऊन आईच्या डोळ्याजवळ जाणं त्याला बरोबर वाटेना. विचार जंतूंचा होता. तो परसातून मागच्या न्हाणीत गेला, कपडे बादलीत भिजत टाकले आणि डोक्यावरून भडाभडा अंघोळ केली. मोबाइल खिडकीच्या कट्ट्यावर उभा केलेला होता.

पंचा गुंडाळून तो बाहेर आला तेव्हा रेषा हळूहळू चढत होती. टोक नव्हतं. सपाट चढ, आणि वर जाऊन तिथेच थांबलेली. माणूस जड काही उचलताना श्वास रोखतो तेव्हा अशी दिसते.

"आई," त्यानं परसातूनच हाक मारली. "काही उचललंस का?"

स्वयंपाकघराच्या खिडकीत कुमुदिनीबाई उभ्या होत्या. त्याचे ओले केस, बादलीतला पांढरा शर्ट, उन्हात उभा असलेला तो.

"नाही रे," त्या म्हणाल्या. रेषा खाली आली. "जेवायला ये."

जेवताना त्यांनी मीटिंगचं काही विचारलं नाही. संध्याकाळी अक्काचंही विचारलं नाही. श्रीरंगनं याची नोंद घेतली आणि त्याला हायसं वाटलं. दुसऱ्या दिवशी निपाणीला जायचं होतं, त्याचं काय सांगायचं हे तो ठरवत होता; अक्काला पुन्हा दवाखान्यात नेलंय आणि तिथे बाहेरच्यांना सोडत नाहीत, अशी काहीशी थाप त्यानं तयार ठेवली होती. ती वापरायची वेळच आली नाही.

दुसऱ्या दिवशीच्या पेपरात निधनवार्ता येणार होती. पेपर दारात पडताच त्यानं तो उचलून गाडीच्या डिकीत टाकला.

"आज पेपर नाही आला?" कुमुदिनीबाईंनी विचारलं.

"सुट्टी असेल त्यांना."

"काल काही सण नव्हता," त्या म्हणाल्या, आणि पेपरांच्या गठ्ठ्याजवळ जाऊन कडा नीट जुळवू लागल्या.

पुढचे दिवस इतके सरळ गेले की श्रीरंगला स्वतःच्या निर्णयाबद्दल जवळपास खात्री वाटू लागली. रेषा इतकी शांत त्यानं क्वचितच कुणाची पाहिली होती. आई खोकताना तोंडावर हात धरी, वाकत नसे, जोरात हसतही नसे. सांगितलेलं सगळं पाळत होती. चष्मा एकदाही काढला नाही. रोज सकाळी चहानंतर मात्र ती काही वेळ खुर्चीत हात मांडीवर ठेवून बसे आणि त्या वेळात कुणी बोललेलं तिला आवडत नसे. त्यानं पुण्याला सहकाऱ्यांना ती रेषा दाखवली. एकानं लिहिलं, "पुस्तकात छापण्यासारखी."

वृषाली त्याचे फोन उचलत नव्हती.

आठवडा संपताना एका सकाळी त्याच्या मोबाइलवर बारीक घंटी वाजली. ठिपका करडा झाला होता. साय सुटली होती. नेत्रबंधचं काम संपलं की असा संदेश येई: जखम बंद झाली आहे, आता निरीक्षणाची गरज नाही. रेषा जिथे होती तिथे थांबली होती. त्यानं आयुष्यात जे करायचं ठरवलं होतं ते या क्षणी पूर्ण झालं होतं. आईचा डोळा वाचला होता.

तो स्वयंपाकघरात गेला. कुमुदिनीबाई टेबलाशी बसल्या होत्या. त्यांनी बोटाचं टोक त्याच्यासमोर धरलं. टोकावर पापुद्र्यासारखं काहीतरी होतं, मध्ये एक चकाकता कण.

"हा बघ तुझा डिंक," त्या म्हणाल्या. "आता कळत नाही ना काही? तुझ्या फोनला?"

"नाही. संपलं आता."

"नक्की?"

"नक्की." तो समोर बसला. "आई, तुला एक सांगायचंय. अक्कामावशी..."

"माहीत आहे मला."

"कधीपासून?"

"ज्या दिवशी तू कोल्हापूरला गेलास," त्या म्हणाल्या. "भर दुपारी परसात डोक्यावरून अंघोळ करून उभा होतास. कसली मीटिंग असते अशी?" त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "तुझे बाबा गेले तेव्हाही तू तिथेच उभा होतास. तस्साच."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलायचं? तू किती घाबरलेला होतास. एवढ्या वर्षांनी तुझा चेहरा स्पष्ट दिसला मला, तो तसा दिसला."

"रडली असतीस तर मी... आई, रडली असतीस तरी काही झालं नसतं."

"ते मला माहीत होतं. टीव्हीवर तूच सांगतोस की." त्यांनी चष्म्याच्या काडीवर बोट ठेवलं. "पण इथून तुला दिसलं असतं ना. रात्री उशीत तोंड खुपसलं असतं तरी दिसलं असतं. मग तू धावत आला असतास, फोन घेऊन."

बाहेर शेडबाळे वहिनी कुणाला तरी भाजीवरून ओरडत होत्या.

"त्या दिवसाचा पेपर कुठाय?" कुमुदिनीबाईंनी विचारलं.

त्यानं डिकीतून आणून दिला. त्यांनी तो गठ्ठ्यावर ठेवला नाही. गठ्ठा पुढे ओढून त्याच्यात नेमका त्या तारखेच्या जागी सरकवला, कडा जुळवल्या, आणि मग पुन्हा बाहेर काढला. अक्काच्या पद्धतीनं सुरुवात केली. वार. तारीख. पहिल्या पानावरची मोठी बातमी, मग तिच्याखालची. आवाज मोठा होता, फोनवर पलीकडच्याला नीट ऐकू जावं इतका. हळदीचे भाव वाचले. पान उलटलं.

"निपाणी. येथील श्रीमती शकुंतला दत्तात्रय हंचनाळे, वय शहात्तर, यांचे अल्पशा आजाराने निधन झाले. त्यांच्या पश्चात मुलगी, जावई, नातवंडे," त्या थांबल्या, पुढे वाचलं, "व बहीण असा परिवार आहे."

बातमीत फोटो होता. त्यांनी तो जवळ घेतला, मग लांब धरला.

"हा वृषालीच्या लग्नातला. जाताना ती अशी नसणार." त्यांनी पेपर खाली ठेवला. "वृषालीला मी विचारणार नाही. तिला परत परत सांगायला लावायचं नाही. तू होतास ना तिथे? सांग मला. कशी दिसत होती?"

"शांत," श्रीरंग म्हणाला.

"शांत तर सगळेच दिसतात, रंगा. नीट सांग. फार वाळली होती का? केस विंचरले होते? चष्मा ठेवला होता डोळ्यांवर की काढला होता? चष्म्याशिवाय अक्काला मी लहानपणानंतर पाहिलंच नाही."

तो आठवू लागला. अंगण आठवलं. तुळशीचं ओलं पान आठवलं. त्या म्हाताऱ्याचा आवाज आठवला, बघून घ्या म्हणणारा. त्यानंतर त्याला दोन टोकं आठवली, एक उंच आणि एक जरा बुटकं, दोन्ही बाजूंनी सारखी उतरलेली. ती त्याला कागदावर काढून दाखवता आली असती.

"आई, मी नीट पाहिलं नाही."

"म्हणजे?"

"फोन बघत होतो."

"तिथे? कुणाचा फोन?"

"तुझा डोळा," तो म्हणाला. "तुला शिंका आल्या होत्या."

कुमुदिनीबाईंनी त्याच्याकडे बघितलं. मग त्यांचा चेहरा हळूहळू मोडत गेला, हनुवटीपासून वर. वाचलेला डोळा आणि गेलेला डोळा, दोन्हींतून सारखंच पाणी आलं. त्यांनी ते पुसलं नाही. पुसायचं नाही ही आठ दिवसांची सवय होती. आवाजही आधी आला नाही, आणि आला तेव्हा तो श्रीरंगनं बाबांच्या वेळेनंतर ऐकला नव्हता असा होता.

त्याचा हात टेबलावरच्या मोबाइलकडे गेला. करडा ठिपका. थांबलेली रेषा. त्यानं बोटानं पडदा एकदा वर सरकवला, एकदा खाली. तिथे काहीच नव्हतं. त्यानं मोबाइल पालथा ठेवला, आणि मग आईच्या चेहऱ्याकडे बघायला सुरुवात केली.